चकचकीत की मॅट?

मोबाइलचं कव्हर मॅट, बाइक मॅट, लिपस्टिकसुद्धा मॅट! मग आजोबांची बंदूक का मागे राहावी? अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या घरात सध्या हाच वाद रंगलाय. मुरबाडच्या शेताच्या राखणीसाठी घेतलेली बाराबोरची ही डबल बार. लायसन्स आता बाबांच्या नावावर. नळ्यांची निळाई उडालीय, हात लागतो तिथे तांबूस डाग पडलेत. नवं फिनिश हवंच, इथपर्यंत एकमत. पुढे बाबा म्हणतात ‘ब्लू’, मी म्हणते ‘मॅट’.

बाबांची सगळी नोकरी ऑर्डनन्समध्ये गेली. (1 ऑक्टोबर 2021 पासून ही फॅक्टरी यंत्र इंडिया लिमिटेडकडे आहे, पण आमच्या तोंडी अजून ‘ऑर्डनन्स’च!) धातूबद्दल त्यांच्याशी भांडायचं म्हणजे अभ्यास करूनच.

तर ऐका. ब्लूइंग हा रंग नाही, तो शिस्तीत आणलेला गंज आहे. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या साधारण 140 अंशांच्या द्रावणात पोलाद बुडवलं की वर काळं ऑक्साइड तयार होतं. वर्कशॉपवाले यालाच ब्लॅकोडायझिंग म्हणतात. आधी बफिंग करून आरसा केला असेल, तर निळा-काळा झळाळ येतो. काचेच्या बारीक मण्यांचा मारा करून पृष्ठभाग खरबरीत केला असेल, तर तेच ऑक्साइड मॅट दिसतं. म्हणजे अर्धं भांडण घासकामाचंच!

मॅटचा दुसरा प्रकार फॉस्फेटिंगचा. हा राखाडी थर सच्छिद्र असतो, तेल धरून ठेवतो, उन्हात चमकत नाही. म्हणून लष्करी हत्यारांवर तो खूप वापरला गेला. मॅटवर ओरखडे लपतात, हा माझा मुद्दा. बाबांचा मुद्दा असा, की चकचकीत नळीवर गंजाचा पहिला ठिपकाही लगेच दिसतो. पॉइंट आहे, राव!

पण ऑक्साइडचा थर असतो जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. अंबरनाथच्या पावसाळ्यात कपाटातल्या बुटांना बुरशी येते. तिथे तेलाचा हात फिरला नाही, तर ब्लू काय नि मॅट काय, दोघांचीही विकेट पडणार.

खरी गोम पुढे आहे. जुन्या डबल बारच्या नळ्या बहुतेक वेळा शिसं-कथलाच्या डाखाने जोडलेल्या असतात. गरम कॉस्टिक हा डाख खातं आणि नळ्या सुटू शकतात. दुसरा धोका बफिंगचा. हात जास्त चालला तर बंदुकीवर कोरलेला नंबरच पुसट होतो. आणि शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 8 नुसार नंबर पुसणं हा गुन्हा आहे. त्यामुळे ‘ओळखीचा पॉलिशवाला’ बाद. काम लायसन्सवाल्या गनस्मिथकडेच द्यायचं, आणि नंबरला हात लावायचा नाही हे आधीच बजावायचं.

अशा नळ्यांसाठी जुनी पद्धत आहे, रस्ट ब्लूइंगची. हलका गंज चढवायचा, उकळत्या पाण्यात तो काळा करायचा, तारेच्या बारीक ब्रशने घासायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. काम कित्येक दिवसांचं, खिशालाही जड. पण चमक येते मऊ, साटनसारखी. धड आरसा नाही, धड मॅट नाही!

नवी पंप ॲक्शन असती, तर मी मॅटवर अडून बसले असते. आजोबांच्या डबल बारला मात्र रस्ट ब्लूच. आणि पावसाळाभर दर रविवारी तेलाचं फडकं? लायसन्स ज्यांच्या नावावर, त्यांनी ते फिरवायचं. चहा माझ्याकडून!