सावळ्या त्वचेलाही ऊन बाधतं



उन्हाळा आला की अश्दोदच्या समुद्रावर सकाळपासून मटकोतची टकटक सुरू होते. दोन लाकडी बॅटी आणि एक छोटा रबरी चेंडू. जाळी नाही, गुण नाहीत, हारजीत नाही. चेंडू खाली पडू द्यायचा नाही, एवढंच. म्हणून नातवापासून आजोबांपर्यंत सगळे खेळतात, आणि दोन तास कधी गेले ते कळत नाही. आज मला त्या दोन तासांतल्या उन्हाबद्दल सांगायचं आहे.

माझे धाकटे दीर वर्षानुवर्षं दर शुक्रवारी मटकोत खेळत. मी क्रीम पुढे केलं की म्हणत, "वहिनी, ते गोऱ्या लोकांसाठी. आपल्याला ऊन काय करणार?" एकदा त्यांच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला खपली धरली. मी ती पाहिली आणि जन्मभर नर्सचं काम करूनही म्हणाले, "चष्म्याची काडी घासत असेल, हळद लावा." खपली पडायची, पुन्हा धरायची. चार महिन्यांनी डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला, तेव्हा त्वचेचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, दीर आज बरे आहेत. पण कानाची कड थोडी गेली. ते चार महिने माझ्यामुळे वाया गेले, हे मी विसरत नाही.

सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असतं, त्यामुळे आपली त्वचा गोऱ्यांपेक्षा उशिरा भाजते आणि त्वचेचा कर्करोगही आपल्यात कमी होतो, हे खरं. पण कमी म्हणजे मुळीच नाही असं नव्हे. गोरा माणूस लाल झाला की सावलीत पळतो. आपल्याला लाली दिसत नाही, नुसतं चुरचुरतं, आणि आपण खेळत राहतो. खपलीकडे लक्षही उशिरा जातं. शिवाय डोळ्यांना मेलॅनिनचा फारसा आधार नाही. मोतीबिंदू आणि डोळ्यावर वाढणारा पडदा यांना ऊन हातभार लावतं, मग त्वचेचा रंग कोणताही असो.

दुसरा गैरसमज वाऱ्याचा. "आज गरम नाही, छान वारा आहे," असं आपण म्हणतो. उष्णता अंगाला कळते, पण त्वचेला इजा करणारे अतिनील किरण कळत नाहीत. वारा घाम वाळवतो, किरण अडवत नाही. त्यात कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के किरण परत अंगावर फेकतो. म्हणून छत्रीखाली बसूनही माणूस भाजतो.

आता काय करायचं ते सांगते.

वेळ : अतिनील निर्देशांक ३ झाला की काळजी घ्यायची असते. इथे उन्हाळ्यात भर दुपारी तो १० च्या पुढे जातो. उन्हाळी वेळेमुळे आपल्याकडे सूर्य बारा वाजता नव्हे, पाऊण वाजता डोक्यावर येतो. तेव्हा सकाळी १० ते दुपारी ४ खेळ बंद. घड्याळ नसेल तर सावली पाहा : ती तुमच्या उंचीपेक्षा लहान झाली की बॅट पिशवीत.

कपडे : किप्पा किंवा नुसती पुढे झाप असलेली टोपी कान आणि मान झाकत नाही. चारी बाजूंनी काठ असलेली टोपी घ्या. लांब बाह्यांचा, घट्ट विणीचा सदरा बरा. चष्म्यावर 'यूव्ही ४००' लिहिलेलं पाहून घ्या. नुसती काळी काच उपयोगाची नाही.

क्रीम : एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि यूव्हीए-यूव्हीबी दोन्ही अडवणारं. बाहेर पडण्याआधी वीस मिनिटं लावा. चेहरा, कान आणि मान मिळून चहाचा एक चमचा, प्रत्येक हाताला एक, पायांना त्याहून जास्त. बोटाच्या टोकावर घेऊन पुसल्यासारखं लावलं तर डबीवर लिहिलेलं संरक्षण मिळत नाही. दर दोन तासांनी, आणि घाम पुसला किंवा पाण्यात गेलात तर लगेच, पुन्हा लावा. तळहात मात्र पुसून घ्या, नाहीतर बॅट निसटते. काही क्रीमांनी आपला चेहरा पीठ फासल्यासारखा पांढरा दिसतो. म्हणून क्रीमच सोडू नका, दुसरं आणा. आणि आपण शनवार तेल्यांची लेकरं असलो तरी खोबरेल लावून उन्हात जाऊ नका. केसांना ते चांगलं, ऊन मात्र त्याने अडत नाही.

औषधं : रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः हायड्रोक्लोरोथायझाइड, आणि डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिक्स यांमुळे त्वचा लवकर भाजते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. पाणी तहान लागायच्या आधी प्या. चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी सुरू झाली तर खेळ थांबवून सावलीत या. बोलण्यात गोंधळ होऊ लागला, तर अंगावर पाणी ओता आणि १०१ ला फोन करा.

शेवटचं आणि महत्त्वाचं. महिन्यातून एकदा आंघोळीनंतर अंग नीट पाहा : कान, खालचा ओठ, टक्कल, मान. तळपाय, तळहात आणि नखांखालीही बघा. तिथला काळा डाग उन्हामुळे होत नाही, पण सावळ्या लोकांत मेलानोमा बहुधा याच जागी सापडतो. चार आठवड्यांत न भरलेली जखम, पुन्हा पुन्हा धरणारी खपली, रंग किंवा आकार बदलणारा तीळ दिसला, तर कुपात होलिममध्ये त्वचेच्या डॉक्टरांचा तोर घ्या. घरात कोणी नर्स असली, तरी तिच्या हळदीवर थांबू नका.

दीर अजूनही दर शुक्रवारी खेळतात. आता सकाळी सात वाजता जातात, मोठी टोपी घालून, आणि कानाला क्रीम आधी लावतात.

तुम्हा सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.