बाळाचे दूध (लेखांक ४) : डब्याआधी निदान

दुधातली साखर न पचणे आणि दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असणे यांतला फरक गेल्या आठवड्यात पाहिला. लॅक्टोज काढून टाकलेल्या पावडरीत गायीच्या दुधाचे प्रथिन तसेच राहते, म्हणून अ‍ॅलर्जीच्या बाळाला ती चालत नाही. त्याच्यासाठीच्या खास फॉर्म्युल्यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची प्रतिकारयंत्रणा सहसा त्यांना ओळखत नाही. अ‍ॅलर्जी असलेल्या दहांपैकी सुमारे नऊ बाळांचे त्यावर भागते. उरलेल्यांना, आणि आजार मुळातच तीव्र असेल तर, सुट्या अमिनो आम्लांपासून बनवलेला, कितीतरी महाग डबा लागतो. ज्या बाळाला खरोखर अ‍ॅलर्जी आहे त्याला हे दूध मिळालेच पाहिजे, यावर वाद नाही. माझा आग्रह एवढाच की डबा निदानानंतर यावा. डबा देऊन बाळ शांत झाले म्हणजे निदान झाले, असे समजू नये.

ब्रिटनचा अनुभव याबाबतीत बोलका आहे. तिथे हे दूध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सरकारी आरोग्यसेवेतून मिळते. २००६ मध्ये अशा सुमारे १ लाख ५ हजार चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या, २०१६ मध्ये ६ लाखांहून अधिक. खर्च ८१ लाख पौंडांवरून ६ कोटींच्या वर गेला. डॉ. ख्रिस व्हॅन टुलेकन यांनी २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे आकडे मांडले. मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्या अनेक तज्ज्ञांचे फॉर्म्युला कंपन्यांशी आर्थिक संबंध असल्याकडेही त्यांनी बोट दाखवले. अ‍ॅलर्जीची बाळे दहा वर्षांत सहापट झाली, असे मानायला मात्र आधार नाही. युरोपातल्या नऊ देशांत बाळांना जन्मापासून तपासत गेलेल्या अभ्यासात, प्रत्यक्ष दूध पाजून सिद्ध झालेली अ‍ॅलर्जी शंभरात एकालाही आढळली नाही, प्रमाण ०.५४ टक्के होते. मग एवढ्या चिठ्ठ्या कशाच्या? रडणे, दूध ओकणे, पातळ शी, अंगावर पुरळ. यातली एखादी तक्रार नसलेले तान्हे बाळ शोधूनच काढावे लागेल.

दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, उलट्या झाल्या किंवा श्वास लागला, तर ती तत्काळ प्रकारची अ‍ॅलर्जी. तिथे रक्ताची किंवा त्वचेची चाचणी उपयोगी पडते, आणि घरी दूध पाजून बघण्याचा प्रयोग कधीही करायचा नाही. श्वास लागला तर थेट रुग्णालय गाठायचे. घोळ होतो तो उशिरा प्रकट होणाऱ्या प्रकारात. शीतून रक्त, हट्टी इसब, वजन न वाढणे अशी लक्षणे काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी दिसतात आणि रक्ताच्या चाचणीत काही सापडत नाही. इथे एकच कसोटी आहे: डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद करायचे, मग पुन्हा सुरू करून तक्रार परतते का ते पाहायचे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे अंगावरचे दूध तोडायचे नाही. आईने चहातले दूध, दही, ताक, पनीर, पेढे आणि दूध पावडर घातलेली बिस्किटे सोडायची, आणि तिच्या कॅल्शियमची सोय करायची.

यावर पालक विचारतील, सुखाने झोपू लागलेल्या बाळाला पुन्हा त्रास कशाला? प्रश्न रास्त आहे. पण बाळांचे रडणे दीड-दोन महिन्यांच्या सुमारास शिगेला पोचते आणि पुढे आपोआप उतरते. नेमका त्याच वेळी डबा सुरू झाला तर श्रेय डब्याला जाते आणि नसलेल्या आजाराचा शिक्का वर्षभर राहतो. दुसरा आक्षेप पैशाचा: एवढा महाग डबा कशाला, शेळीचे दूध पाजू. शेळीच्या दुधातली प्रथिने गायीच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक अ‍ॅलर्जीग्रस्त बाळांना तेही बाधते. म्हशीच्या दुधाचीही तीच गत.

तरी पैशाचा मुद्दा आपल्याकडे खराच आहे. इथे बहुतेकांना डबा स्वतःच्या खिशातून घ्यावा लागतो, आणि फक्त त्यावरच असलेल्या बाळाला ४०० ग्रॅमचा डबा जेमतेम तीन दिवस पुरतो. म्हणून आधी एक-दोनच डबे घ्या. हे दूध कडवट असते, त्याला उग्र वास येतो. सहा महिन्यांपुढचे बाळ तोंड फिरवेल. शी हिरवट होईल, त्याने घाबरून जाऊ नका. आणि चिठ्ठी घेतानाच डॉक्टरांना विचारा: दूध पुन्हा कधी देऊन बघायचे? बहुतेक मुलांची ही अ‍ॅलर्जी वाढत्या वयात जाते, म्हणून त्या फेरतपासणीची तारीख चिठ्ठीवरच लिहून घ्या.