पूरकद्रव्य आणि प्रक्रिया : नॅनो-संमिश्र प्लॅस्टिकचे गुण कशावर ठरतात?

पावसाळा सुरू झाला की लवणभास्कर चूर्णाच्या पिशवीत गुठळ्या होऊ लागतात आणि अविपत्तिकराच्या डबीत चमचा रुतत नाही. हा अनुभव बहुतेक वैद्यांच्या परिचयाचा आहे. औषध यथाविधी सिद्ध केलेले असते. उणीव असते ती पात्राची. वेष्टनसामग्रीच्या जाहिरातींत आता ‘नॅनो’ हा शब्दही आढळतो. या शब्दाने नेमके काय साधते आणि केव्हा काहीच साधत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

रचना

प्लॅस्टिक हे बहुवारिक, म्हणजेच पॉलिमर, या वर्गातील द्रव्य होय. त्यात अन्य द्रव्याचे सूक्ष्म कण मिसळले असता संमिश्र तयार होते आणि मिसळलेल्या द्रव्यास पूरकद्रव्य म्हणतात. कणांची निदान एक मिती १०० नॅनोमीटरपेक्षा कमी असल्यास त्यास नॅनो-संमिश्र ही संज्ञा आहे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

या क्षेत्रातील सर्वाधिक अभ्यासलेले पूरकद्रव्य म्हणजे बेंटोनाइट मातीतील माँटमोरिलोनाइट हे खनिज. त्याचा एकेक पापुद्रा सुमारे १ नॅनोमीटर जाड असतो. लांबी-रुंदी मात्र १०० नॅनोमीटर वा त्याहून अधिक असते. हे पापुद्रे पोथीच्या पानांप्रमाणे एकावर एक रचलेले असतात. ते सर्व सुटे झाले, तर एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे ७५० चौरस मीटर भरते.

जपानमधील टोयोटाच्या मध्यवर्ती संशोधन प्रयोगशाळेने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष या विषयाचा पाया मानले जातात. नायलॉन-६ मध्ये वजनाने ५ टक्क्यांहून कमी माती असूनही त्याची ताठरता जवळजवळ दुप्पट झाली, ताण सोसण्याची शक्ती निम्म्याहून अधिक वाढली आणि भाराखाली वाकण्याचे तापमान सुमारे ६५ अंशांवरून सुमारे १४५ अंश सेल्सिअसवर गेले.

पाने सुटी झाली का?

हे फळ केवळ माती मिसळल्याने मिळाले नाही. पोथी बांधलेलीच राहिली, तर माती हे साधे भरणद्रव्य ठरते. पानांमध्ये बहुवारिकाच्या साखळ्या शिरल्या, पण क्रम टिकून राहिला, तर मध्यम अवस्था प्राप्त होते. पाने पूर्णपणे विलग होऊन सर्वत्र विखुरली, तरच पूर्ण लाभ होतो.

झिरपण्याच्या बाबतीत हा भेद आकड्यांनी स्पष्ट होतो. वायूचा अथवा बाष्पाचा कण पापुद्र्यातून आरपार जाऊ शकत नाही. त्यास वळसा घालावा लागतो. या वळणवाटेचे सूत्र नील्सन यांनी १९६७ मध्ये मांडले. पापुद्र्याची लांबी जाडीच्या १०० पट असून तो घनफळाने २ टक्के (नायलॉनमध्ये वजनाने सुमारे ५ टक्के) असल्यास झिरपण सुमारे निम्म्यावर येते. तेवढीच माती गठ्ठ्यांच्या रूपात राहिली आणि लांबी जाडीच्या केवळ १० पट उरली, तर घट जेमतेम ११ टक्के होते. दोन्ही पिशव्यांवर छापील मजकूर मात्र एकच असू शकतो.

पृष्ठभागाची अनुकूलता

माती मूलतः जलस्नेही आहे, तर बहुतेक प्लॅस्टिक जलविरोधी. म्हणून पापुद्र्यांमधील सोडियमच्या जागी दीर्घ साखळीचे सेंद्रिय अमोनियम क्षार बसवितात. नायलॉनशी अशा मातीचे चांगले जुळते. पॉलिप्रॉपिलीन व पॉलिएथिलीन यांच्याशी मात्र तेवढ्याने जुळत नाही. तेथे मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेले बहुवारिक मध्यस्थ म्हणून घालावे लागते.

प्रक्रियेचा प्रभाव

डेनिस, पॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये नायलॉन-६ व सेंद्रिय माती यांचे मिश्रण निरनिराळ्या एक्स्ट्रुडरमधून, म्हणजे मळसूत्री दांड्याने वितळलेले प्लॅस्टिक पुढे ढकलणाऱ्या यंत्रांतून, काढून पाहिले. यंत्र व दांड्याची रचना बदलताच पापुद्रे विलग होण्याचे प्रमाण बदलले. मिश्रण यंत्रात अधिक काळ राहिल्यास सामान्यतः लाभ झाला. परंतु घर्षणाचा जोर एका मर्यादेपलीकडे नेल्यास परिणाम उलट निकृष्ट झाला. जोराने गठ्ठे फुटतात. साखळ्यांना पानांमध्ये शिरण्यास मात्र अवकाश द्यावा लागतो. खलात औषध घोटणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको.

उष्णतेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. नायलॉन-६ सुमारे २२० अंशांस वितळते, तर मातीवरील अमोनियम क्षार २०० अंशांच्या आसपासच विघटित होऊ लागतात. म्हणजे विलगीकरणास हवा असलेला काळ आणि विघटन टाळण्यासाठी हवी असलेली त्वरा यांचा येथे विरोध आहे. नायलॉन आधी नीट वाळविले नसेल, तर ओलाव्याने त्याच्या साखळ्याही तुटतात. शेवटी, पापुद्रे पटलाला समांतर पसरले तरच अडथळा पूर्ण होतो. आडवेतिडवे राहिल्यास तो घटतो. पटल ताणण्याच्या पद्धतीचे महत्त्व यातच आहे.

वैद्यांनी काय पाहावे?

मूळ द्रव्याचा स्वभाव प्रथम पाहावा. नायलॉन प्राणवायू चांगला अडविते, पण बाष्प तितके नाही; पॉलिएथिलीनचे याच्या उलट आहे. त्यामुळे लवणयुक्त चूर्णास नुसते नायलॉन, मग ते ‘नॅनो’ का असेना, पुरेसे नाही. पूरकद्रव्याने ताठरता वाढते तेव्हा लवचीकपणा बहुधा घटतो, हेही ध्यानात ठेवावे.

विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागाव्यात : ३८ अंश तापमान व ९० टक्के आर्द्रता असताना मोजलेला बाष्पझिरपण्याचा आकडा, त्या पटलाची जाडी, आणि औषध वा अन्न यांच्या संपर्कास योग्य असल्याचा दाखला. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमावलीत अन्नाच्या संपर्कातील प्लॅस्टिकमध्ये नॅनो-रूपातील पदार्थ स्पष्ट मान्यतेखेरीज वापरता येत नाहीत, यावरून या दाखल्याचे महत्त्व कळावे.

द्रव्य तेच असले तरी संस्कारानुसार त्याचे गुण पालटतात, हे आपल्या वाचकांस नवे नाही. म्हणूनच पिशवीवरील नावापेक्षा तिची मोजलेली कसोटी पाहावी, एवढीच आमची विनंती आहे. रुग्णाच्या घरी महिनाभर राहणाऱ्या चूर्णाचे वीर्य तिच्यावर अवलंबून आहे.