हिवरे बाजार : राखलेलें रान आणि गांवचा कारभार

हिंदुस्थानांतील सरकारी जंगलखात्याचे पहिले तीन मुख्य अधिकारी इंग्रज नसून जर्मन होते, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस नवीन वाटेल. बॉन येथें वनस्पतिशास्त्र शिकविणारे डीट्रिख ब्रँडिस यांची १८६४ सालीं या खात्याच्या मुख्य जागेवर नेमणूक झाली. त्यांच्यामागून आलेले श्लिख व रिबेन्ट्रॉप हेही त्याच देशाचे. इंग्रजांस त्या काळीं आगगाडीच्या रुळांखालीं घालावयास लांकूड पाहिजे होतें आणि जंगल राखण्याची शास्त्रशुद्ध विद्या तर इंग्लंडांत नव्हती. ती जर्मनींत व फ्रान्सांत होती. जर्मनींत जंगलें राजांचीं व सरदारांचीं होतीं, तशींच तीं गांवांचींही होतीं. आजही त्या देशांतील वनभूमीचा सुमारें पांचवा हिस्सा मुख्यतः गांवें व नगरें यांच्या सामाईक मालकीचा आहे. रानाच्या कडेला वसलेल्या एखाद्या चिमुकल्या जर्मन खेड्याचा इतिहास पाहूं गेल्यास त्याचा अर्धा भाग त्याच्या जंगलाचा असतो: यंदा तोड किती, नवी लावणी किती, आणि उत्पन्नांतून गांवच्या तिजोरींत काय पडलें.

अशा देशांतून आलेल्या ब्रँडिस यांनीं येथेंही असा आग्रह धरला कीं, गांवालगतचीं रानें गांवांच्याच स्वाधीन करावीं. बेडन-पॉवेल प्रभृति अधिकाऱ्यांचें मत याच्या अगदीं उलट होतें. रयतेस सवलत देतां येईल, हक्क मात्र देऊं नये, असें त्यांचें म्हणणें. आणि १८७८ च्या कायद्यांत त्यांच्याच पक्षाची सरशी झाली. 'ग्रामवन' या नांवाचें एक प्रकरण त्या कायद्यांत राहिलें, पुढें १९२७ च्या कायद्यांतही तें अठ्ठाविसाव्या कलमाच्या रूपानें टिकलें. पण बहुतेक ठिकाणीं तें पुस्तकांतल्या पुस्तकांतच राहिलें. परिणाम व्हावयाचा तोच झाला. जें रान कालपर्यंत आपलें म्हणून राखलें जाई, तें सरकारचें झाल्यावर चोरून तोडण्याजोगें झालें. परक्याच्या मालाविषयीं माणसास फारशी माया वाटत नाहीं, हा काय एकट्या कुणब्याचाच दोष आहे?

ही सर्व पूर्वपीठिका सांगण्याचें कारण नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें गांव होय. जिल्ह्याचें नांव २०२४ सालापासून अहिल्यानगर झालें आहे. शहराच्या पश्चिमेस सोळा-सतरा किलोमीटरांवर, तीन बाजूंनीं बोडक्या टेकड्या असलेल्या खोलगटांत हें गांव वसलें आहे. एकंदर क्षेत्र सुमारें ९७७ हेक्टर. त्यांपैकीं वनखात्याकडील जमीन अवघी ७० हेक्टर. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग सोडल्यास हा सारा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतो, आणि येथें सरासरी चारशें मिलिमीटर पाऊस पडला तरी लोक वर्ष बरें गेलें असें म्हणतात.

जुन्या काळीं या मुलखांतील गांवांचा कारभार कसा चाले, हें त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांवगाडा' या १९१५ सालच्या ग्रंथामुळें आपल्यास चांगलें ठाऊक आहे. पाटलाकडे मुलकी व फौजदारी, कुलकर्ण्याकडे दप्तर, महाराकडे शिवेची राखण, आणि सुतार-लोहारादि बलुतेदारांस खळ्यावरचा वांटा. या गाड्याच्या चाकांखालीं चिरडलेलेही पुष्कळ होते, तेव्हां त्याची नुसती आरती ओवाळीत बसण्यांत अर्थ नाहीं. परंतु कुरणांत गुरें केव्हां सोडावयाचीं आणि देवराईंत कुऱ्हाड न्यावयाची नाहीं, हें तेथें कोणीतरी ठरवीत असे व तें पाळलें जात असे. पुढें दप्तर तलाठ्याकडे गेलें, १९५८ च्या कायद्यानें ग्रामपंचायती आल्या, १९६२ च्या कायद्यानें मुलकी पाटीलकीही संपली. जुना धनी गेला. नवा धनी कागदोपत्रीं आला. मधल्या काळांत रान मात्र निर्धनी राहिलें.

हिवरे बाजारचें असेंच झालें. १९७२ चा दुष्काळ तर सगळ्या महाराष्ट्रासच आठवतो. त्यानंतर टेकड्यांवरचें उरलेंसुरलें झाड सरपणासाठीं व विक्रीसाठीं तुटलें. पावसाबरोबर माती वाहून गेली. विहिरी दिवाळीनंतर तळ दाखवूं लागल्या. गांवांत दारूच्या बावीस भट्ट्या व गुत्ते होते असें सांगतात. धडधाकट माणसें पुण्यामुंबईकडे मजुरीस गेलीं. सरकारी नोकरास शिक्षा म्हणून जेथें बदली मिळावी, असा त्या गांवाचा लौकिक होता. १९९५ सालच्या नोंदींप्रमाणें १८० कुटुंबांपैकीं १६८ कुटुंबें दारिद्र्यरेषेखालीं होतीं. म्हणजे सुधारणेस आरंभ होऊन पांच-सहा वर्षें लोटल्यावरही ही स्थिति होती. आरंभीं काय असेल तें वाचकांनींच ताडावें.

१९८९ सालीं गांवांतील तरुणांनीं पोपटराव पवार यांस सरपंच केलें. हे वाणिज्य शाखेचे द्विपदवीधर आणि क्रिकेटचे चांगले खेळाडू. असा मुलगा शहरांत नोकरी धरून घरास हातभार लावील, अशीच कोणत्याही घरच्या वडील माणसांची अपेक्षा असावयाची. तो गांवांत राहून भट्ट्या बंद करीत हिंडेल, हें कोणाच्या कल्पनेंत येणार? भट्ट्या बंद झाल्या. आणि हळूहळू ग्रामसभेनें पांच गोष्टी पाळण्याचें ठरविलें: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. जवळच्याच पारनेर तालुक्यांतील राळेगण सिद्धी येथें अण्णा हजारे यांनीं हा मार्ग आधीं चालून दाखविला होता, आणि त्याच धर्तीवर सरकारनें १९९२ सालीं 'आदर्श गांव' योजना काढली.

यांतील पहिल्या दोन बंद्यांचें मर्म शहरांतील वाचकांस चटकन् कळावयाचें नाहीं. कुऱ्हाडबंदी म्हणजे चूल कशावर पेटवावयाची, हा घरांतील बायकांपुढचा रोजचा प्रश्न. चराईबंदी म्हणजे शेळ्यामेंढ्या कोठें न्यावयाच्या, हा भूमिहीनाचा प्रश्न. ज्याच्या बांधावर गवत आहे त्यास बंदी सोपी. ज्याची सारी दौलत चार शेळ्या, त्याच्या पोटावरच ती येते. म्हणून अशा ठरावांची खरी परीक्षा ते मांडणाऱ्यांच्या उत्साहांत नसून, ज्यांना ते जड जातात त्यांनीं ते पाळले कीं नाहीं यांत असते. येथें तोड निघाली ती अशी: गुरें रानांत सोडावयाचीं नाहींत, परंतु गवत कापून डोक्यावरून न्यावयास हरकत नाहीं. शेळीच्या जागीं हळूहळू गोठ्यांतील दुभती गाय आली, आणि शेणाच्या गॅसमुळें सरपणाची निकड पुष्कळ कमी झाली. पण हें एका वर्षांत झालें नाहीं, आणि मधल्या वर्षांचा भार गरिबांनींच अधिक वाहिला, हें गुणगान करणारे बहुधा सांगत नाहींत.

१९९३ पासून सामाजिक वनीकरण खात्याच्या साहाय्यानें त्या सत्तर हेक्टर रानावर व विहिरींच्या पाणलोटावर काम सुरू झालें. काम डोंगरमाथ्यापासून पायथ्याकडे करीत आणावयाचें, हा यांतील मुख्य नियम. खालीं मोठा बंधारा बांधून वर डोंगर उघडा ठेवला, तर चार पावसाळ्यांत तो बंधारा गाळानें भरतो. टेकड्यांना समपातळींत वेढे देणारे सुमारें चाळीस हजार चर व बांध घालण्यांत आले; त्यांत पावसाचें पाणी थबकतें, मुरतें, आणि मातीही जागच्या जागीं राहते. १९९४ सालीं गांवाची निवड आदर्श गांव योजनेंत झाली. तेव्हां ग्रामसभेनें १९९५ ते २००० अशी स्वतःची पंचवार्षिक योजना आंखली आणि निरनिराळ्या बारा खात्यांचीं कामें तींत गुंफलीं. मजुरी बहुतांशीं रोजगार हमीची, श्रमदान गांवाचें. खात्यांनीं आपापल्या सोयीनें येऊन खड्डे खणावे आणि निघून जावें, या नेहमींच्या रीतीऐवजीं येथें कोणतें काम आधीं व कोणतें मागून हें गांव सांगूं लागलें. माझ्या मतें या साऱ्या हकीकतींत महत्त्वाची गोष्ट हीच; झाडें तर काय, पाणी मिळाल्यावर कोठेंही येतात.

प्रथम गवत आलें. २००० सालीं सुमारें शंभर टन गवत निघालें होतें, तें २००४ मध्यें सहा हजार टनांवर गेलें. पूर्वीं गांवांतून दिवसास दीडशें लिटर दूध निघे. २०१० च्या सुमारास तें चार हजार लिटरांवर पोंचलें होतें, आणि दारिद्र्यरेषेखालीं तीनच कुटुंबें राहिलीं होतीं. शहरांत गेलेलीं कित्येक कुटुंबें परत आलीं. २००७ सालीं गांवास राष्ट्रीय जलपुरस्कार मिळाला. पवारांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली.

परंतु आमच्या वाचकभगिनींस या गांवची जी गोष्ट सर्वांत लवकर पटेल, ती म्हणजे तेथील पाण्याचा ताळेबंद. एकत्र कुटुंबांत कोठीच्या खोलीची किल्ली जिच्या कमरेला असते, ती सुगी झाली कीं मनांत हिशेब करते: खाणारीं माणसें इतकीं, येणारे पाहुणे इतके, दोन सणवार, एक लग्न; तेव्हां यंदा धान्य पुढच्या सुगीपर्यंत पुरवावयाचें तर हात कोठें आंखडावयाचा? हिवरे बाजारची ग्रामसभा पावसाळ्यानंतर पाण्याचा असाच हिशेब करते. गांवच्या क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारें अठ्ठ्याण्णव लक्ष लिटर पाणी पडलें; चारशें मिलिमीटर म्हणजे ३९० कोटी लिटर. आंकडा ऐकावयास मोठा, पण यांतील बराच भाग उन्हानें उडून जातो, कांहीं वाहून जातो, कांहीं मातींत ओल म्हणून राहतो. विहिरीस लागतें तें शेवटीं उरलेलें. पर्जन्यमापकावरील आंकडा आणि ठराविक निरीक्षण-विहिरींची पातळी पाहून प्रथम माणसांच्या व गुरांच्या पिण्याचें पाणी बाजूस काढावयाचें, मग उरेल त्यावर रब्बीचें पीक किती व कोणतें घ्यावयाचें हें ठरवावयाचें. वर्ष कोरडें असलें तर जास्त पाणी पिणारें पीक घ्यावयाचें नाहीं. ऊस व केळी यांस तर तेथें मज्जावच आहे, आणि शेतीसाठीं बोअर पाडण्यासही.

नगर जिल्ह्यांत उसास 'नको' म्हणणें ही लहानसहान गोष्ट नव्हे. याच जिल्ह्यांत, प्रवरेच्या कांठीं लोणी येथें, विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानें १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्यामागून साऱ्या महाराष्ट्रांत कारखान्यांची रांग लागली. ज्याच्या शेतांत ऊस, त्याच्या घरीं लक्ष्मी, अशी जेथें समजूत आहे, तेथें दोनशें-सवादोनशें घरांच्या गांवानें आपल्याच विहिरीच्या पाण्यावर आपणच मर्यादा घालून घेतली. आणि या मर्यादेच्या पाठीशीं कायद्याचें बळ असें फारसें नाहीं. स्वतःच्या शेतांत काय पेरावें हें शेतकऱ्यास सांगण्याचा अधिकार ग्रामसभेस कोणत्याही कायद्यानें स्पष्ट दिलेला नाहीं. ठराव टिकतो तो परस्परांच्या भिडेवर व विश्वासावर. बाहेरच्यास जमीन विकावयाची नाहीं, लग्नापूर्वीं वधूवरांची एड्सविषयक तपासणी झालीच पाहिजे, हेही ठराव त्याच जातीचे. या शेवटच्या ठरावाविषयीं मतभेद होईल, व्हावाही. घराच्या उंबऱ्याच्या आंत गांवानें कोठवर यावें, हा प्रश्न हिवरे बाजारनें सोडविला आहे असें मला वाटत नाहीं. नसबंदीचेंही तेंच.

याहून अवघड प्रश्न मालकीचा आहे. गांवानें तीस वर्षें राखलेलें तें सत्तर हेक्टर रान मुळांत गांवाचें नव्हेच. राखणदारी तेवढी गांवाची. विदर्भांत गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गोंडांच्या गांवास २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं सुमारें अठराशें हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि तेथील बांबूची विक्री ग्रामसभा स्वतः करूं लागली. ब्रँडिस जें मागत होते तें त्यांच्या मागणीनंतर सव्वाशें वर्षांनीं असें घडलें. हिवरे बाजारच्या रानांत मात्र विकण्याजोगा बांबू नाहीं, सागही नाहीं. तेथील रानाचें उत्पन्न रानांत दिसत नाहीं. तें खालच्या विहिरींत उतरतें. कदाचित् यामुळेंच त्याच्या मालकीवरून भांडण झालें नसावें.

आणखी एक शंका पुष्कळजण बोलून दाखवितात. हें सारें एका माणसाच्या जोरावर चाललेलें नाहीं ना? वर्षानुवर्षें गांवांत ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध होत असे. कोणी म्हणत, ही एकी. कोणी म्हणत, हा दबाव. त्याचा निकाल बाहेरच्या माणसानें घरबसल्या लावूं नये. जानेवारी २०२१ मध्यें, तीस वर्षांनंतर प्रथमच, तेथें प्रतिपक्ष उभा राहिला, मतपेट्यांच्या जागीं आलेलीं मतदानयंत्रें गांवच्या शाळेपर्यंत पोंचलीं आणि लोकांनीं रीतसर मतें दिलीं. पवारांच्या बाजूचे सर्व उमेदवार निवडून आले. पराभूत पक्षाच्या लोकांसही पाण्याच्या ताळेबंदाच्या सभेस बसावयाचें असतेंच. कारण त्यांच्या विहिरींस येणारें पाणी त्याच टेकड्यांवरून उतरतें.