विश्लेषण : बांबू झाड की गवत? ब्रिटिशांच्या वनकायद्याने आदिवासींचे जंगल कसे बदलले?

वनस्पतिशास्त्र सांगते, बांबू हे गवत आहे. मात्र भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार तो ‘झाड’ होता. त्यामुळे परवान्याशिवाय बांबू तोडणाऱ्या किंवा वाहून नेणाऱ्या आदिवासींवर गुन्हा दाखल होऊ शकत असे. ही व्याख्या बदलायला २०१७ साल उजाडले. या गोंधळाचे मूळ दीडशे वर्षे मागे जाते.

ब्रिटिशांना जंगल कशासाठी हवे होते?

सुरुवातीला जहाजांसाठी आणि नंतर रेल्वेसाठी. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. १८९० पर्यंत देशात सुमारे २५,५०० किलोमीटर रूळ टाकले गेले. एका मैलाला १,७६० ते २,००० लाकडी स्लीपर लागत आणि मध्यम आकाराच्या एका झाडातून ३ ते ५ स्लीपर निघत. म्हणजे एका मैलासाठी किमान ३५० झाडे. इंजिनात जळणारे लाकूड वेगळेच.

कंत्राटदारांनी बेसुमार तोड केली. लाकूड संपेल या चिंतेने १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डिट्रिख ब्रँडिस त्याचे पहिले महानिरीक्षक होते. पुढच्याच वर्षी पहिला वनकायदा आला.

कायद्याने नेमके काय केले?

१८७८ च्या कायद्याने जंगलाचे तीन प्रकार केले : राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. उत्तम लाकडाचे जंगल राखीव झाले. तिथे परवानगीशिवाय गुरे चारणे, सरपण आणणे, शिकार करणे गुन्हा ठरला. ग्रामवनाची तरतूद मात्र बहुतांशी कागदावरच राहिली. पिढ्यान् पिढ्यांचा हक्क आता सरकारी सवलत बनला.

फिरत्या शेतीचे काय झाले?

कोकणात ‘दळी’, गडचिरोलीत माडियांमध्ये ‘पेंडा’, बैगांमध्ये ‘बेवर’ अशी या शेतीची नावे. जमिनीचा तुकडा साफ करायचा, तोडलेली झाडोरी जाळून राखेत बी पेरायचे आणि काही वर्षांनी तो तुकडा पडीक सोडायचा. तिथे पुन्हा जंगल वाढे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखी ही लाकडाची नासाडी होती. त्यांनी बंदी आणि निर्बंध लादले. मध्य प्रांतातील बैगांना १८९० नंतर ‘बैगा चक’ या ठरावीक पट्ट्यापुरतीच बेवरची मुभा उरली.

पर्यावरणावर काय परिणाम झाला?

‘शास्त्रीय वनीकरणा’च्या नावाखाली अनेक ठिकाणी मिश्र जंगल तोडून एकाच जातीची झाडे रांगेत लावली गेली. खात्याला साग आणि साल हवा होता. आदिवासींना मोह, चारोली, हिरडा, कंदमुळे आणि चारा लागे. सागाच्या लागवडीत हे फारसे मिळत नाही. त्यामुळे जंगल हिरवे दिसत असले, तरी त्यावर जगणाऱ्यांचे ताट रिकामे झाले.

विरोध झाला का?

हो. १९०५ मध्ये बस्तरचे दोनतृतीयांश जंगल राखीव करण्याचा प्रस्ताव आला. १९१० मध्ये तिथे ‘भूमकाल’ हा उठाव झाला. इंग्रजांनी तो मोडून काढला, मात्र राखीव करायचे क्षेत्र निम्म्यावर आणावे लागले. महाराष्ट्रात २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेर येथील जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. हुतात्म्यांमध्ये नाग्या कातकरी होते.

स्वातंत्र्यानंतर काय बदलले?

१९२७ चा कायदा तसाच राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचे प्रस्तावनेतच मान्य केले आणि बांबूला गौण वनोपज मानले. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू वाहतुकीचे पासबुक ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडले. एक कायदा गौण वनोपज म्हणत होता, तर दुसरा झाड.

मग आता प्रश्न सुटला का?

पूर्णपणे नाही. २०१७ च्या दुरुस्तीचा मुख्य फायदा वनक्षेत्राबाहेर बांबू लावणाऱ्यांना झाला. जंगलातील बांबूसाठी ग्रामसभेचा हक्क मान्य होणे गरजेचे आहे. वैयक्तिक दाव्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. ज्यांच्या आजोबांना त्याच जमिनीवर अतिक्रमणदार ठरवले गेले, त्यांच्याकडे सरकारी कागद असणार कुठून? म्हणूनच गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावा असल्याचे नियमांत स्पष्ट केले आहे. दावा करताना ही तरतूद लक्षात ठेवायला हवी.