बाजाराने टाकले, कायद्याने कोंडले

इंग्लंडमधील हल शहरातल्या रिव्होल्यूशन सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीचा ‘ल्यूर ऑफ द टेम्प्ट्रेस’ हा संगणकीय खेळ १९९२ साली प्रसिद्ध झाला. अमिगा, अटारी एसटी आणि डॉसवर चालणारे पीसी या त्या काळच्या घरगुती संगणकांसाठी तो तयार केलेला होता. कथा अद्भुतरम्य. टर्नव्हेल गावावर सेलिना नावाच्या मायाविनीने स्कॉर्ल नामक राक्षसी शिपायांच्या बळावर अंमल बसविला आहे, राजा लढाईत पडला आहे, आणि डिअरमॉट नावाचा साधा खेडूत त्या गावच्या तुरुंगात शुद्धीवर येतो. खेळणाऱ्याने माऊसने पडद्यावरील वस्तूवर अथवा माणसावर बाण न्यावयाचा, कळ दाबावयाची आणि पुढे आलेल्या क्रियांतून हवी ती निवडावयाची. एखाददुसरी झटापट सोडली तर हाताच्या चपळाईपेक्षा विचाराला येथे अधिक वाव आहे.

या खेळाचे खरे वैशिष्ट्य निराळेच आहे. त्या काळातील अशा बहुतेक खेळांत पात्रे नेमून दिलेल्या जागी नायकाची वाट पाहत उभी असत. टर्नव्हेलचे रहिवासी मात्र आपापल्या उद्योगाने गावभर हिंडतात. हवा असलेला माणूस शोधून काढावा लागतो. रॅटपाउच या सेवकाला ‘अमुक ठिकाणी जा आणि अमुक कर’ अशी आज्ञा देता येते. या रचनेला कर्त्यांनी ‘व्हर्च्युअल थिएटर’ असे नाव दिले होते. लोकरंजनाच्या एका नव्या कलाप्रकाराची वाढ कशी झाली, हे अभ्यासू इच्छिणाऱ्याला ही कृती डावलून पुढे जाता येणार नाही.

परंतु अभ्यास करावयाचा तर कृती उपलब्ध असावयास हवी, आणि येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उपस्थित होतो. कागदावर छापलेले पुस्तक वाचण्यास दुसऱ्या यंत्राची गरज नसते. ते बाजारातून गेले तरी ग्रंथालयात राहते. संगणकीय खेळाचे तसे नाही. अमिगा बनविणाऱ्या कमोडोर कंपनीचे १९९४ साली दिवाळे निघाले. फ्लॉपीवरील चुंबकीय लेप कालांतराने निकामी होतो. जुना खेळ नव्या यंत्रांसाठी पुन्हा सिद्ध करण्याचा खर्च विक्रीतून भरून येण्याची खात्री नसल्यामुळे मालक त्या वाटेला जात नाही. बाजाराच्या दृष्टीने माल मृत होतो.

कायद्याच्या दृष्टीने मात्र तो जिवंतच असतो. ब्रिटनमध्ये प्रताधिकार कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. या खेळाच्या कर्त्यांपैकी चार्ल्स सेसिल आजही कार्यरत आहेत. हे ध्यानी घेता १९९२ च्या या कृतीवरील संरक्षण चालू शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत तरी चालेल. ज्या फ्लॉपीवर ती विकली गेली, त्या फ्लॉपीचे आयुष्य त्यापूर्वीच संपलेले असेल!

हा प्रश्न एखाददुसऱ्या खेळापुरता नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात रीतसर मिळेनासे झाले आहेत. ग्रंथालयांनी असे खेळ दूरस्थ अभ्यासकांना उपलब्ध करून द्यावेत, यासाठी मागितलेली सवलत तेथे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नाकारण्यात आली.

कोणी म्हणेल, मालमत्ता ज्याची, निर्णयही त्याचाच असावा. जुने खेळ फुकट मिळू लागले तर त्यांच्या सुधारित आवृत्त्या कोण घेणार? ही शंका अगदीच पोकळ नाही. जुन्या खेळांच्या नव्या आवृत्त्या खपतात, हे खरेच आहे. तथापि रिव्होल्यूशनचाच अनुभव पाहावा. या कंपनीने २००३ साली ‘ल्यूर ऑफ द टेम्प्ट्रेस’ आणि १९९४ चा ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हे दोन्ही खेळ विनामूल्य खुले केले. २००१ साली सुरू झालेल्या स्कमव्हीएम या उपक्रमातील स्वयंसेवकांनी, खेळांतील मूळ चित्रे व संवाद तसेच ठेवून, ते चालविणारा भाग नव्या यंत्रांसाठी पुन्हा लिहिला. पुढे २०२० साली दुसऱ्या खेळाचा उत्तरार्ध ‘बियाँड अ स्टील स्काय’ या नावाने विक्रीस आला. विनामूल्य वाटपामुळेच तो निघाला, असे म्हणणे धाडसाचे होईल; परंतु त्या वाटपाने नव्या कृतीची वाट अडविली नाही, एवढे निश्चित.

मात्र सगळेच मालक इतके उदार असतील, या भरवशावर सार्वजनिक हिताची व्यवस्था उभी करता येत नाही. किती तरी कंपन्या बुडाल्या वा विकल्या गेल्या. परवानगी कोणाकडे मागावी, हेच ठाऊक नसते. म्हणून नियम हवा. एखादी कृती सलग दहा वर्षे बाजारात नसेल तर ग्रंथालयांना व विद्यापीठांना ती अभ्यासासाठी खुली करता यावी. मालकाने ती पुन्हा विक्रीस आणली की ही मुभा थांबावी. व्यापारी हक्क मालकाकडेच राहतील.

या सूचनेमागील तत्त्व आपल्याकडे अपरिचित नाही. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील ३१ वे कलम, मालकाने पुनःप्रकाशन नाकारल्यामुळे लोकांपासून दूर राहिलेल्या कृतीसाठी सक्तीचा परवाना मागण्याची तरतूद करते. कर्त्याला मोबदला मिळावा आणि नव्या निर्मितीला उत्तेजन मिळावे, म्हणून समाजाने प्रताधिकाराची मक्तेदारी मान्य केली. जी कृती कोणी विकत नाही आणि कोणाला विकत घेताही येत नाही, तिच्यापासून कर्त्याला मोबदला मिळत नाही आणि समाजाला कृतीही मिळत नाही. असे कुलूप ठेवण्याचे कारण काय, हे दाखविण्याची जबाबदारी आता कुलूप लावणाऱ्यांवर आहे.