उघड्यावरच्या साइटवर विडी: कुठे बंदी, कुठे मोकळीक?

भारतात : 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक जागी आणि कामाच्या ठिकाणी धूम्रपानाला मनाई आहे, दंड 200 रुपयांपर्यंत. 2003च्या मूळ कायद्याने 'मोकळी जागा' वगळली होती. पुढे नियमांनी रेल्वे स्टेशन, बसथांबे, स्टेडियम बंदीखाली आणले. बांधकामाच्या उघड्या साइटचं नाव मात्र त्यात नाही. त्यामुळे तिथे मालकाचा निर्णय मोलाचा ठरतो.

जिथे चर्चेलाच जागा नाही : भूमिगत कोळसा खाणीत विडी-काडेपेटी घेऊन उतरताच येत नाही, कारण मिथेनला एक ठिणगी पुरते. पेट्रोल पंपावरही तेच.

इंग्लंडमध्ये : 1 जुलै 2007च्या बंदीत बंदिस्त जागा आल्या, उघड्या साइट सुटल्या. पण अनेकांनी मिळून वापरायची कामाची गाडी आणि साइटवरची बंदिस्त केबिन बंदीतच आहेत.

छातीवर दुहेरी मार : दगड कापताना, भिंत फोडताना सिलिकाची धूळ उडते. ती फुप्फुसात साचते, वर विडीचा धूर. अॅस्बेस्टॉस हाताळणाऱ्यांत धूम्रपानामुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

नुसती बंदी अपुरी : 2016-17च्या पाहणीत महाराष्ट्रात 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर 24.4 टक्के तंबाखू, मिश्री, गुटख्यासारखे धूरविरहित प्रकार वापरणारे आढळले. मालकाने थिनर, डांबर, लाकडापासून दूर एक कोपरा ठरवून द्यावा, बाकी साइट धूरमुक्त ठेवावी आणि व्यसन सोडू पाहणाऱ्याला मदत मिळवून द्यावी. राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन : 1800-11-2356.